कुठलं पिक घ्यावं?

आमच्या जालन्यात हा प्रश्न विचारला तर लोक कापूस, सोयाबीन नाहीतर मोसंबीवर बोलायला लागतात. मे महिन्यात घरी गेलो तेव्हा माझ्या काकांनी तेच केलं. मी बोलत होतो ते दोन बोटांत धरायच्या तिकोनी चकतीबद्दल, जिने मेंडोलिन वाजवतात. काकांना वाटलं, पोरगा आयटी सोडून शेती करतोय. क्षणभर खूश झाले बिचारे.

तर मंडळी, माझ्याकडे दोन मेंडोलिनं आहेत. पहिलं कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलेलं, प्लायवूडचं, कारखान्यातलं. दुसरं हाताने घडवलेलं. वर स्प्रूसचं लाकूड, मागे मेपल, वर्षाला मोजकीच वाद्यं करणाऱ्या एका कारागिराकडून बोनसच्या पैशांत मागवलेलं. आकडा आईला अजून सांगितलेला नाही.

आता खरी गोष्ट. दोन वर्षं ते दुसरं मेंडोलिन मी जवळजवळ वाजवलंच नाही. ओरखडा पडेल, घाम लागेल, पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगेल... केसमध्ये आर्द्रता मोजायचं यंत्र ठेवलं होतं, ते मात्र रोज बघायचो! कोणी घरी आलं की केस उघडायची, "हँडमेड आहे" म्हणायचं आणि परत बंद. रियाज चालायचा त्या प्लायवूडवर.

हे माझं एकट्याचं नाही. ऑफिसातल्या तीन-चार जणांकडे अशीच भारी गिटारं भिंतीवर लटकलेली आहेत. डीडीएलजे (1995) मध्ये शाहरुखच्या हातात मेंडोलिन बघून आमच्या पिढीतल्या किती जणांनी ते घ्यायचं ठरवलं असेल, आणि त्यातले किती जण आज वाजवतात? वाद्य म्हणजे गुंतवणूक, असंही हल्ली ऐकतो. मला हे अजिबात पटत नाही. गुंतवणूक करायची तर म्युच्युअल फंड आहेत की.

असो. त्या मे महिन्यात मेंडोलिन बरोबर नेलं आणि वाटेत जेवायला थांबताना ते गाडीच्या डिकीत ठेवून गेलो. तासाभराने परत आलो. मराठवाड्याकडे जाणारा रस्ता, भर दुपार, बंद गाडी. काय होणार? जालन्यात केस उघडली तर घोडीशेजारी केसाएवढी बारीक चीर. कोरड्या उन्हात लाकूड आक्रसतं, तापलं की सरस सैल पडतो, हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचलेलंच होतं फक्त.

बाबा चष्मा लावून बराच वेळ ती चीर बघत राहिले. मग म्हणाले, "तू हे वाजवतो का नुसतं दाखवतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर पुण्यात दुरुस्ती झाली. चिरेत सरस भरला, आतून लाकडाची छोटी ठिगळं लावली. रेघ अजून दिसते. पण गंमत अशी की त्या रेघेनंतर भीतीच गेली. आता रोज वाजवतो.

मिरजेचे सतारमेकर हे सगळं फार सहज बोलतात. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रं घडवणारे. एकोणिसाव्या शतकात हात वाद्यांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती जवारी. सतार वाजवत गेलं की तारांमुळे घोडीवर रेघा पडतात, आवाज बिघडतो, मग ती घोडी परत घासून घ्यावी लागते. म्हणजे झीज ही त्या धंद्यात तक्रार नाही, ती गृहीतच आहे. ज्या सतारीला जवारी करावी लागत नाही ती कोणी वाजवतच नसणार.

आणि हो, पिक. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या, एकूण आठ तारा, व्हायोलिनसारख्या लावलेल्या. सूर लगेच विरतो, म्हणून तो लांबवायला तारेवर भराभर वर-खाली फिरावं लागतं. इथे अर्ध्या मिलिमीटरचं पातळ पिक वाकतं, उशिरा परततं, आणि सुरापेक्षा त्याची टकटकच जास्त ऐकू येते. दीड मिलिमीटरचं, गोल कडेचं घ्या, तेच वाद्य भरदार बोलायला लागतं. मी हे प्लायवूडवर करून बघितलं आणि खरं सांगतो, थोडी लाजच वाटली. ज्या आवाजासाठी बोनस उडवला त्यातला बराचसा पन्नास रुपयांत मिळत होता! अगदी सगळा नाही, हाताने कोरलेल्या लाकडाचा घुमारा वेगळाच. पण नवीन मेंडोलिन घेण्याआधी पाच प्रकारची पिक्स घ्या, एवढं माझं ऐका. सज्जाद हुसैन (1917-1995) यांनी याच जोडतारांच्या वाद्यावर रागदारी वाजवली. यू. श्रीनिवास यांनी सुट्या पाच तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन करून घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीत उभं केलं. आपल्या लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर आधी मेंडोलिनवादकच. त्यांचं ऐकताना केवढ्याचं वाद्य होतं हा प्रश्न पडतो का कधी?

पूर्वी सगळ्यात चांगली पिक्स कासवाच्या पाठीची मानली जायची. त्या व्यापारावर आता बंदी आहे आणि ते योग्यच आहे. सरोदवाले मात्र नारळाच्या करवंटीचा जवा वापरतात. हे मी बोलता बोलता बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजूरच्या गणपतीला फोडलेल्या नारळाची करवंटी माझ्यापुढे ठेवली. पॉलिशपेपरवर दोघांनी मिळून दोन तास घासली. बाबांना सूर कळत नाही, पण कड कुठे बोचते ते माझ्याआधी त्यांच्या बोटांना कळत होतं.

आवाज मऊ आहे, थोडा दबका. द्रुत लयीत चालत नाही. तीन आठवड्यांनी टोक तुटलं, तसं घरी फोनवर सांगितलं. आई म्हणाली, सांगू नको त्यांना, आधीच माळ्यावर सहा करवंट्या जमवून ठेवल्यात.