बाटलीत वय वाढत नाही

जुनी व्हिस्की म्हणजे चांगली व्हिस्की, हा समज मराठी घरांतही चांगलाच रुजलेला आहे. आखातातून किंवा जहाजावरून सुट्टीला आलेल्या काकांनी १९८०च्या सुमारास आणलेली स्कॉचची बाटली काही शोकेसमध्ये आजही सील न फोडता उभी असते. 'चाळीस वर्षे झाली, आता काय भारी झाली असेल!' असे पाहणारा हमखास म्हणतो. तिची किंमत कदाचित खरेच वाढलेली असेल. पण आतली व्हिस्की चाळीस वर्षे मुरलेली नाही. बारा वर्षांची म्हणून बाटलीत भरलेली व्हिस्की चाळीस वर्षांनीही बारा वर्षांचीच असते.

लोणचे बरणीत मुरते, व्हिस्की मात्र लाकडी पिंपात मुरते. ओकच्या लाकडातून रंग, व्हॅनिलासारखा वास आणि टॅनिन मद्यात उतरतात, लाकडाच्या छिद्रांतून हवा आत-बाहेर होते आणि स्कॉटलंडच्या थंड हवेतही दरवर्षी साधारण दोन टक्के मद्य उडून जाते. काचेत यातले काहीच घडत नाही. स्कॉचसाठी किमान तीन वर्षे पिंपात ठेवण्याचे बंधन आहे. लेबलावर १२ किंवा २१ असा आकडा असेल, तर तो मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय सांगतो, सरासरी नव्हे.

मिश्रण हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जुन्या काळी भारतात आलेली बहुतेक स्कॉच ब्लेंडेड होती, म्हणजे सातूच्या माल्टपासून काढलेली आणि इतर धान्यांपासून काढलेली अशा व्हिस्कींचे मिश्रण. आयनिअस कॉफी यांनी १८३० मध्ये सलग चालणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले आणि धान्याचे मद्य स्वस्तात, भरपूर निघू लागले. पुढे फ्रान्समधल्या द्राक्षबागा फायलॉक्सेरा या किडीने उद्ध्वस्त केल्या, ब्रँडीची टंचाई झाली आणि ती जागा ब्लेंडेड स्कॉचने भरून काढली. सिंगल माल्टचा आजचा डामडौल बराच अलीकडचा आहे. त्यामुळे एक गंमत झाली आहे. मॅकॅलनच्या १९२६ सालच्या एका सिंगल माल्टला लंडनच्या लिलावात २०२३ मध्ये २१ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. त्या तुलनेत पन्नास वर्षांपूर्वीची ब्लेंडेड स्कॉच अजूनही सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहे. १९८३ मध्ये बंद पडलेल्या पोर्ट एलनसारख्या भट्ट्यांचा माल्ट तेव्हाच्या मिश्रणांत जात असे, हेही जाणकारांना ठाऊक असते. म्हणून ते ब्लेंडच्या मागे लागतात.

या छंदाला नाके मुरडण्याचे कारण नाही. नाणी, पोस्टाची तिकिटे, जुनी घड्याळे जमवणाऱ्यांचा जो आनंद, तोच हा. जुन्या बाटलीचा काळ ओळखणे ही एक प्रकारची तपासणीच आहे. ब्रिटनमधल्या जुन्या लेबलांवर '७० डिग्री प्रूफ' आणि '२६ २/३ फ्लुइड औंस' असे छापलेले आढळते. औंसांचा हा आकडा म्हणजे सुमारे ७५७ मिलिलिटर. ब्रिटनमध्ये १९८० पासून प्रूफच्या जागी टक्के आले, त्यामुळे केवळ प्रूफ लिहिलेली ब्रिटिश बाटली बहुधा त्याआधीची. बूच आहे की फिरकीचे झाकण, यावरूनही अंदाज बांधता येतो. व्हाइट हॉर्सने १९२६ मध्ये फिरकीचे झाकण आणले, तेव्हा तो मोठा बदल मानला गेला.

पण हे आकडे वाचताना भलताच गोंधळ होतो. ७० प्रूफ म्हणजे ७० टक्के अल्कोहोल नव्हे. ब्रिटिश मापात ते ४० टक्के होते. अमेरिकी मापात मात्र ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के. भारतीय व्हिस्कीच्या लेबलावर '७५ डिग्री प्रूफ' असते, ते ४२.८ टक्के. म्हणजे शोकेसमधली विलायती आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली देशी बनावटीची व्हिस्की यांच्या अल्कोहोलमधला फरक जेमतेम तीन टक्क्यांचा, आणि तोही विलायतीत कमी.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात यकृत सुजलेला रुग्ण डॉक्टरांना ठासून सांगतो, 'साहेब, मी देशीला हात लावत नाही, फक्त स्कॉच.' सांगण्यात लपवाछपवी नसते, त्याला ते मनापासून खरे वाटत असते. हिशेब मात्र साधा आहे. ४० टक्के मद्याच्या ३० मिलिलिटरमध्ये १२ मिलिलिटर, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असते. लार्ज पेगमध्ये त्याच्या दुप्पट, १९ ग्रॅम. यकृत त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते, आणि पेशींच्या डीएनएला इजा करणाऱ्या पदार्थांपैकी तो एक. व्हिस्की बारा वर्षांची आहे की पन्नास हजारांची, हे यकृताला कळण्याची सोय नाही. मद्य हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत १९८८ पासून पहिल्या गटातले कर्ककारक आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. जुन्या, 'शुद्ध' स्कॉचला त्यातून सूट नाही.

मग जुनी बाटली पिण्याने विषबाधा होते का? साधारणपणे नाही. ४० टक्के अल्कोहोलमध्ये जंतू वाढत नाहीत. अर्नेस्ट शॅकल्टन यांनी १९०७ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला नेलेली, 'हायलँड माल्ट' असे लेबल असलेली मॅकिनलेची व्हिस्की त्यांच्या झोपडीखालच्या बर्फात शंभर वर्षे पडून होती. २०१० मध्ये ती बाहेर काढली. बुचातून सुई घालून नमुना घेतला तेव्हा अल्कोहोल ४७.३ टक्के भरले, आणि ती पिण्याजोगी होती. (तिचे नशीब असे की तिथे ऊन नव्हते आणि उकाडाही नव्हता.) मुंबईच्या दमट हवेत, खिडकीसमोरच्या शोकेसमध्ये उभ्या बाटलीची गोष्ट वेगळी. उन्हाने रंग आणि वास बिघडतो. झाकणातून मद्य हळूहळू उडते आणि पातळी मानेवरून खांद्यापर्यंत उतरते. लिलावात म्हणूनच पातळी आधी पाहतात. वाइनसारखी आडवी ठेवलेली व्हिस्कीची बाटली तर हमखास बिघडते, कारण एवढे कडक मद्य बूच कुरतडते. हे नुकसान चवीचे आणि पैशाचे. आरोग्याचा खरा धोका दुसरीकडे आहे.

जुनी व्हिस्की क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये ओतून ठेवण्याची हौस अनेकांना असते. पारंपरिक क्रिस्टलमध्ये वजनाच्या २४ टक्के किंवा त्याहून अधिक शिशाचे ऑक्साइड असते, आणि मद्य ते हळूहळू बाहेर काढते. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याची मोजमापे छापली. अशा डिकँटरमध्ये पाच वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या ब्रँडीत शिशाचे प्रमाण लिटरमागे २० हजार मायक्रोग्रॅमच्या घरात गेले होते. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे. अशा ब्रँडीच्या एका लहान पेगमधून ६०० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाईल. शिशामुळे रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू बिघडतात, आणि याची शंका सहसा कुणालाच येत नाही. क्रिस्टल टेबलावर दोन तास मिरवावे, त्यात व्हिस्की साठवू नये. जुन्या बाटल्यांच्या झाकणावरचे मऊ धातूचे आवरणही अनेकदा शिशाचे असे. बाटली फोडलीच तर तोंड ओल्या फडक्याने पुसून घेणे बरे. चिनी मातीच्या शोभेच्या बाटल्यांचा, उदाहरणार्थ १९८१ च्या चार्ल्स-डायाना विवाहाच्या बेल्स घंटेचा, प्रश्न वेगळा आहे. आत किती उरले आहे हे दिसतच नाही, वजन करून अंदाज घ्यावा लागतो.

दुसरा धोका बनावटीचा. स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरित्झच्या एका हॉटेलात २०१७ मध्ये एका पाहुण्याने १८७८ सालची सिंगल माल्ट म्हणून एका पेगसाठी सुमारे दहा हजार स्विस फ्रँक मोजले. तपासणीत ती १९७०-७२ च्या सुमाराची निघाली, आणि माल्ट ६० टक्के, धान्याची व्हिस्की ४० टक्के. म्हणजे बहुधा साधी ब्लेंडेड स्कॉच! हॉटेलने पैसे परत केले. हे उघड कसे झाले, यातले विज्ञान सुंदर आहे. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर तो उतरू लागला. सातूचे रोप हवेतला कार्बन घेते, तोच पुढे मद्यात येतो. त्यामुळे कोणत्या काळच्या सातूपासून मद्य काढले, याची नोंद त्याच्या रेणूंतच राहते. स्कॉटलंडच्या विद्यापीठांच्या ईस्ट किलब्राइड इथल्या केंद्राने २०१८ मध्ये याच पद्धतीने ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या. त्यांतल्या २१ बनावट किंवा सांगितलेल्या सालाच्या नसलेल्या निघाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची म्हणून मिरवणारी एक ब्लेंडेड व्हिस्कीही त्यांत होती.

परदेशात बनावटीने पैसा बुडतो, महाराष्ट्रात जीवही जाऊ शकतो. विलायती ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या भंगारातून चढ्या भावाने उचलायच्या आणि त्यांत हलके मद्य भरून सील लावायचे, हा धंदा पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याच्या छाप्यांत वारंवार उघडकीस येतो. बहुतेक वेळा आत स्वस्त व्हिस्कीच असते. पण भरणारा कोण आणि त्याने कुठून आणले, याचा पत्ता नसतो, आणि मिथेनॉल चवीने ओळखू येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसा मारते. मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसे दगावली, ती अशाच दारूने. ती हातभट्टीची होती, पण रसायन लेबल वाचून आत शिरत नाही. रिकाम्या जुन्या बाटल्यांना ऑनलाइन गिऱ्हाईक मिळते, हा या छंदातला सर्वांत आक्षेपार्ह भाग आहे. अमेरिकेत १९३५ ते १९६४ या काळात मद्याच्या बाटलीवर पुन्हा वापर किंवा विक्रीला मनाई असल्याची ओळ काचेतच ओतलेली असे. इकडे निदान लेबल खरवडून, बाटली फोडूनच भंगारवाल्याला द्यावी, एवढे घरोघरी व्हायला हरकत नाही.

संग्राहकांपैकी काही जण मद्याला शिवतही नाहीत. एस.एस. पॉलिटिशियन हे जहाज १९४१ मध्ये एरिस्के बेटाजवळ फुटले, त्यातल्या अडीच लाखांहून अधिक बाटल्यांपैकी एखादी लिलावात येते तेव्हा घेणारा गोष्टीला पैसे देतो, घोटाला नव्हे. असा संग्रह डॉक्टरच्या नजरेतून निरुपद्रवीच म्हणावा लागेल. अवघड होते ते 'बघू तरी चव कशी आहे' म्हणत दर शनिवारी एक 'दुर्मीळ' बाटली फोडणाऱ्यांचे. संग्रह वाढतच नाही, बिले तेवढी वाढतात, आणि घरच्यांनी टोकले की 'हा माझा छंद आहे' हे उत्तर तयार असते. कपाटात बंद बाटल्या किती आणि गेल्या सहा महिन्यांत रिकाम्या किती झाल्या, एवढे घरातल्या कुणी मोजले तरी चित्र स्पष्ट होते.

वडिलांच्या पश्चात सापडलेल्या बाटलीचे काय करायचे, हा प्रश्न मुलांना पडतोच. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, आणि परवान्याविना विक्री हा गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून 'ऑफर द्या' म्हणणे त्यामुळे महागात पडू शकते. बाटली ठेवायची तर उभी, अंधाऱ्या आणि थंड कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. पातळी खांद्याखाली गेलेली, सील संशयास्पद असलेली किंवा कुठून आली हे घरात कुणालाच सांगता न येणारी बाटली असेल, तर ती मोरीत ओतून टाकावी आणि मग फोडावी.