निवडणुका कमी नकोत, वेळेवर हव्यात

‘एक देश, एक निवडणूक’चे समर्थक अमेरिकेचा दाखला हमखास देतात. तिथे नोव्हेंबरातल्या ठरलेल्या मंगळवारी राष्ट्राध्यक्षापासून काउंटीच्या शेरीफपर्यंत सगळ्यांसाठी एकदमच मतदान होते, मग आपल्याकडे का नको? हा दाखला अर्धाच आहे. अमेरिकेतल्या 50 पैकी 39 राज्यांत गव्हर्नरची निवड राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी होत नाही. व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी ही राज्ये तर ती नंतरच्या वर्षी घेतात. शिवाय तिथला गव्हर्नर अविश्वास ठरावाने पडत नाही, म्हणून वेळापत्रक टिकते. आपला मुख्यमंत्री विधानसभेच्या विश्वासावर उभा असतो. 1967पर्यंत आपल्याकडेही लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका एकत्र होत होत्या. पुढे विधानसभा मुदतीआधी विसर्जित होऊ लागल्या, 1970 साली लोकसभाही विसर्जित झाली आणि मेळ तुटला.

डिसेंबर 2024मध्ये लोकसभेत मांडलेल्या 129व्या घटनादुरुस्ती विधेयकात यावर तोड अशी, की मध्येच विसर्जित झालेल्या विधानसभेच्या जागी येणारी नवी विधानसभा उरलेल्या मुदतीपुरतीच राहील. म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेरीस सरकार पडले, तर लोकांनी रांगा लावून निवडायचे ते दोन वर्षांचे सरकार. यात निवडणुका कमी कुठे झाल्या? कमी झाली ती मताची किंमत.

विरोधकांचाही एक मुद्दा मला पटत नाही. एकत्र मतदान घेतले की मतदार गोंधळतो, हे म्हणणे महाराष्ट्राने 1999 सालीच खोटे ठरवले आहे. शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने विधानसभा मुदतीच्या सुमारे सहा महिने आधीच लोकसभेबरोबर लढवली. बोटाला एकदाच शाई लागली, मते दोन पडली. लोकसभेच्या 48पैकी 28 जागा युतीला मिळाल्या. विधानसभेत मात्र 288पैकी 125वर ती अडली आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. आपल्या मतदाराला दिल्ली आणि मुंबई नीट वेगळी कळते.

मग हरकत कशाला? हरकत आहे ती मधल्या काळात जाब विचारण्याची संधी जाते म्हणून. 2024च्या लोकसभेत राज्यात सत्तेवर असलेल्या महायुतीला महाराष्ट्रात 17 जागा मिळाल्या आणि नोव्हेंबरात त्याच महायुतीने विधानसभेच्या 230 जागा जिंकल्या. त्या सहा महिन्यांत सत्ताधारी लोकांच्या दारात आले, हात सैल सोडून योजना आणल्या. त्या योजनांवर टीका जरूर करावी. पण मताची धास्ती सरकारला हलवते, हे नाकारता येणार नाही.

खर्चाचे कारण सांगणाऱ्यांनी एवढेच करावे: उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही, ती आधी घालावी. आचारसंहितेने विकास थांबतो हेही खरे नाही. ती नव्या घोषणांना आडवी येते, चालू कामांना नाही.

आणि निवडणुकांचा अतिरेक झाला म्हणणाऱ्यांनी मुंबई-पुण्याकडे बघावे. मार्च 2022मध्ये महापालिकांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि तीन वर्षांहून अधिक काळ नळाला पाणी येईना तरी जाब विचारायला प्रभागात नगरसेवक नव्हता. घटनेच्या कलम 243-यू प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. संसदेने नवे कलम लिहिण्याआधी हे जुने पाळले जाईल एवढे पाहावे आणि 129वे विधेयक मागे घ्यावे.