कूलर लागला की नंबर बदलतात

माझ्या कपाटात हेडफोनचे सहा जोड आहेत. त्यांची क्रमवारी लाव, असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, महिना कोणता धरायचा? पुण्या-मुंबईच्या शौकिनाला हा प्रश्न विक्षिप्त वाटेल. रायपुरात वाटत नाही. इथे होळी आटोपली की माळ्यावरचा कूलर खाली येतो, टाकीतला गंज खरवडला जातो, ताट्यांमधली जुनी घास काढून नवी भरली जाते, आणि तिथून थेट मृगाच्या सरींपर्यंत घरात एक पंखा अखंड घोंघावत राहतो. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. नौतपा, म्हणजे मे अखेरचे तापते नऊ दिवस, लागला की भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा गावात डिसेंबरात पहिला आलेला हेडफोन मेमध्येही पहिला राहावा, अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

परीक्षा मात्र बारा महिने एकच. पहिला पेपर किशोरीताई आमोणकरांचा भूप, ‘सहेला रे’. दुसरा कुमार गंधर्वांचं एखादं निर्गुणी भजन. तिसरा इथल्या मातीतला, तीजनबाईंची पंडवानी. आणि एक पथ्य पाळायचं: सगळे जोड एकाच आवाजावर आणून ऐकायचे. दोनांतला जो किंचित मोठा वाजतो तो कानाला हटकून चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पंडवानी कशासाठी, ते सांगतो. मुख्य गायिकेबरोबर तिथे एक ‘रागी’ असतो. ती महाभारत सांगते, तो हुंकार भरतो, प्रश्न विचारतो, मधेच चिमटा काढतो. तबला, ढोलक, पेटी, मंजिरा या सगळ्या गदारोळात त्याचा हुंकार नेमका कुठून आला, हे साफ कळलं तर हेडफोन पास. खुद्द तीजनबाईंच्या आवाजावर परीक्षा घेण्यात अर्थ नाही. २०१९ साली पद्मविभूषण मिळालेला तो आवाज जत्रेतल्या फाटक्या कर्ण्यातूनही अंगावर येतो. कस लागतो तो रागीचा.

तर हिवाळ्यात, म्हणजे साधारण दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, पहिला नंबर सेनहायझरच्या एचडी ६००चा. १९९७ साली आलेला हा नमुना अजूनही बनतो, यातच बरंच काही आलं. कानावरच्या वाट्यांना बाहेरून जाळी असते, आत मखमली कापडाची गादी. हेडफोनचा पडदा थरथरतो तेव्हा आवाज पुढे जातो तसाच मागेही जातो. बंद वाटीत हा मागचा आवाज कोंडतो आणि भिंतीवर आपटून परत कानात येतो. जाळीतून तो निघून जातो. याच कंपनीने १९६८ साली पिवळ्या स्पंजाचा एचडी ४१४ काढला आणि उघड्या पाठीचे हेडफोन जगात रूढ केले. माझा जोड त्या घराण्यातला. याचा रोध ३०० ओहमचा, त्यामुळे मोबाइलला थेट लावून भागत नाही, मधे छोटा अँप्लिफायर ठेवावा लागतो. एवढं लटांबर मांडून रात्री दहानंतर भूप लावला की मग काय होतं ते ऐका. तंबोरा कानाला चिकटत नाही. तो ताईंच्या मागे, दोन हात अंतरावर जाऊन बसतो. खर्जाची तार छेडली गेली की तिच्या पोटातून स्वयंभू गंधार उमटतो, हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं, मैफलीत समोर बसून ऐकलेलंही असतं. इथे तो बोट ठेवून दाखवता येतो. आणि भूपात तर गंधारच वादी. ताई त्या गंधारावर येऊन थांबतात तेव्हा तंबोऱ्यातला गंधार आणि गळ्यातला गंधार यांच्यामध्ये जी बारीकशी फट उरते आणि मग मिटते, ती मिटतानाची जागा मला फक्त याच हेडफोनवर सापडली आहे. बाकीच्यांवर गंधार थेट लागलेलाच ऐकू येतो.

कुमारांच्या जुन्या मोनो मुद्रणांवर मात्र हा थाट फुकट जातो. मोनोत दोन्ही कानांना एकच आवाज मिळतो, म्हणून गाणारा समोर न बसता आपल्या डोक्याच्या मध्यभागी येऊन बसतो. कितीही किमतीचा हेडफोन असो, तिथून त्याला हलवता येत नाही. मला कुमारांच्या बाबतीत त्याची तक्रारही नाही.

मार्च संपतो, कूलर लागतो, आणि एचडी ६०० एका दिवसात पहिल्या नंबरावरून जवळजवळ शेवटी येतो. ज्या जाळीतून आतला आवाज बाहेर जातो त्याच जाळीतून बाहेरचा आवाज आत येतो, त्याला कोण काय करणार? मोबाइलमधल्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर आमच्या खोलीतला कूलर साठच्या वर दाखवतो. सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मोकळ्या वातावरणासाठी, हे मला मान्य, पण स्वतःच्या खाटेशेजारी आपण रोज कायदा मोडून झोपतो असं वाटून गंमत वाटते. या घरघरीत सगळ्यांत आधी बुडतो तो तंबोरा. मग श्वास. मग रागी. आपण नकळत आवाज वाढवत जातो, आणि तिथे गोष्ट गमतीची राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल चालतं. पुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते, म्हणजे ८३ला २० तास, ८६ला १०. कूलरवर मात करायला जाऊन कानाची शिल्लक जूनच्या आत उडवणारे लोक मी पाहतो आहे.

मग बंद वाट्यांचा हेडफोन घ्यावा, हे ओघानेच आलं. माझ्याकडे सोनीचा एमडीआर ७५०६ आहे. १९९१ सालचा नमुना, वाटीवर निळी पट्टी, टेलिफोनसारखी गुंडाळ्यांची वायर. रेडिओ स्टेशनांत आणि शूटिंगच्या ठिकाणी आवाज धरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जगभर हाच दिसतो, आणि तो कशासाठी तिथे आहे हे दोन मिनिटांत कळतं. हा खुशामत करत नाही. तबल्याच्या शाईवर पडलेलं बोट, मुद्रणातली खरखर, माइकजवळ पान उलटल्याचा आवाज, सगळं ठेवून देतो समोर. पंडवानीत रागी कुठे आहे, हे तो फौजदारासारखा सांगतो. गाणं ऐकण्यापेक्षा गाणं तपासायचं असेल तेव्हा मी तो काढतो. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कोणी पाठवलं की हाच.

पण बंद वाटी आणि रायपूरचा मे, यांचं जमत नाही. हा दोष कोणा एका कंपनीचा नव्हे. कातड्यासारखं दिसणारं जे आवरण गादीवर असतं ते घाम पितं, वाळतं, पुन्हा घाम पितं, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचे काळे पापुद्रे सुटू लागतात. माझ्या एका जुन्या जोडाचे असेच सुटले. एका लग्नात पंगतीला बसलो असताना शेजारच्या वहिनींनी माझ्या कानामागून तो पापुद्रा काढून दाखवला होता. “भाऊजी, हे काय लावता कानाला?” त्यावर काय सांगणार?

नवी गादी शोधायला जयस्तंभ चौकात रवी भवनात गेलो. रायपुरात मोबाइलचं काहीही बिघडलं की पाय तिकडेच वळतात. गादी मिळाली नाही, पण काउंटरवरच्या पोराने आस्थेने विचारलं, “अंकल, बेस कितना चाहिए?” इथे हेडफोनची किंमत ठरते ती या एकाच प्रश्नावर. मी म्हणालो, मला तंबोरा ऐकायचा आहे. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “तो फिर ये ले जाओ, इसमें सब सुनाई देता है.” त्याने दिलेले कानात घालायचे इअरफोन, पातळ वायरचे, दीड हजारांच्या आतले, हे सध्या माझ्या उन्हाळी यादीत पहिले आहेत.

हसू नका. कानाच्या आत रबरी टोपी नीट बसली की कूलर जवळजवळ नाहीसा होतो. घाम धरायला गादीच नाही. आवाज वाढवायची गरज नाही. एकच अट, टोपीचं माप बरोबर हवं. बहुतेक लोक डब्यात आलेली मधली टोपी लावून मोकळे होतात, मग फट राहते, फटीतून खर्ज गळून जातो, आणि इअरफोन ‘पुचाट’ म्हणून फेकला जातो. माझ्या उजव्या कानाला मधली लागते, डाव्याला मोठी. आता, किमतीचं म्हणाल तर २०१७ साली अकौस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या नियतकालिकात येरून ब्रेबार्ट यांचा एक निबंध आला होता. त्यांनी २८३ हेडफोनांची मापं घेऊन पाहिली, तर खर्जापासून तारापर्यंतचा आवाजाचा तोल आणि विक्रीची किंमत यांचा काही संबंधच लागेना. मी तो निष्कर्ष घरात मुद्दाम सांगितलेला नाही. पूर्वी केलेल्या खरेदीवर त्याचे परिणाम होऊ शकतात.

हे इअरफोन तंबोरा मागे बसवू शकत नाहीत, हे कबूल. सगळी मैफल दोन कानांच्या मधल्या वीतभर जागेत मांडतात. पण नौतपात वीतभर थंड जागा कोणी नाकारत नाही.

आवाज मारणारा, नॉइज कॅन्सलिंगचा जोड आहे तो बोसचा. तो फक्त प्रवासाचा. लेक पुण्याला असते, आझाद हिंद एक्सप्रेस हावड्याहून निघून रायपूरवरून पुण्याला जाते, आणि त्या लांबच्या प्रवासात याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. आत छोटे माइक असतात. ते बाहेरची गडगड टिपतात आणि तिच्या बरोबर उलटी लाट कानात सोडतात. गाडीची एकसुरी घरघर त्यात विरून जाते. चहावाल्याची आरोळी मात्र विरत नाही, कारण ती अचानक येते आणि उंच पट्टीत येते. माझ्या मते ही सोय समजावी. कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली, असं ते सांगत. त्यांचे वडील कलकत्त्याचे, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीपायी तुरुंगवास भोगून अमेरिकेला निसटलेले. हावड्याहून आलेल्या गाडीत, समोरच्या बाकावरचं बंगाली कुटुंब मुढी-चनाचूर कालवत असताना मला हे दर वेळी आठवतं. घरी कूलरवरही हा हेडफोन उत्तम चालतो, पण वाट्या पुन्हा बंदच, म्हणून एप्रिलनंतर तो माळ्यावर, कूलरच्या रिकाम्या झालेल्या जागी.

संध्याकाळी बूढ़ा तालाबच्या कडेने फिरताना कॉसचा पोर्टा प्रो. १९८४पासून रूप न बदललेला, पातळ पत्र्याच्या पट्टीचा, काळ्या स्पंजाचा. मागून येणाऱ्या स्कूटीचा हॉर्न ऐकू येतो आणि गाणंही. वर्षभराचा सरासरी नंबर काढला तर हाच बहुधा पहिला येईल, कारण तो कधीच नापास होत नाही. पण सरासरीने पहिला आलेल्याचं कौतुक वाटत नाही हो, शाळेतही वाटायचं नाही.

गणपतीच्या दिवसांत क्रमवारी बंद. विसर्जनाच्या झांक्या निघाल्या की धुमालचे ढोलताशे आणि डीजे यांच्यापुढे सहाच्या सहा जोड सारखेच. कानातली टोपी कितीही घट्ट बसवा, तो खर्ज बरगड्यांतून आत येतो. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने डीजेच्या आवाजाची स्वतःहून दखल घेतली, आदेश निघाले. मी विसर्जनाच्या रात्री महादेव घाटाकडे जाणारी गर्दी गॅलरीतून पाहतो. धुमाल ऐकायला तशी वाईट नसते, फक्त तिला थांबायचं कळत नाही.

मंडळातले आमचे एक काका या सगळ्या छंदावरच नाराज आहेत. “अरे, हेडफोन लावून गाणं ऐकणं म्हणजे दार लावून एकट्याने श्रीखंड खाणं,” असं ते म्हणाले. दाद द्यायला शेजारी कोणी नाही, यावर त्यांचा राग. मला हे पटतं, आणि तरी रात्री दहानंतर कोणाला दार उघडायला लावू? एकदा मी त्यांच्या डोक्यावर एचडी ६०० चढवून भूप लावला. पहिल्या दोन मिनिटांतच त्यांनी मोठ्याने “वा!” म्हटलं, इतक्या मोठ्याने की स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. काढून ठेवताना म्हणाले, “छान आहे, पण जड आहे रे.”

सहावा राहिला तो गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ नेकबँड. आवाज असा की त्यावर भूप आणि जाहिरात यांत फरक करू नये. माझ्या यादीत तो बारा महिने तेरा काळ शेवटचा. घरात मात्र सगळ्यांत जास्त वापरला जातो तोच. लेकीचा फोन त्याच्यावरच येतो, बायको त्याच्यावरच पाककृतींचे व्हिडिओ पाहते, आणि तिच्या यादीत तो पहिला. कारण विचारलं तर म्हणाली, “अहो, हा लावला तरी कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.”

परवा मी तिच्यापुढे नवा हिशेब मांडला. बेडरूममध्ये एसी बसवला तर कूलर बंद होईल. मग उन्हाळ्यातही एचडी ६०० वापरता येईल, आणि बाकीच्या जोडांची फारशी गरजच उरणार नाही. ती ऐकून घेत होती. मग तिने कपाट उघडलं, सहाही जोड पलंगावर ओळीने मांडले आणि प्रत्येकाची किंमत विचारत वहीत लिहायला घेतली. तिसऱ्या आकड्याशी मी चहा टाकतो म्हणून उठलो.