पावती म्हणजे पट्टा नव्हे!



गेल्या महिन्यात वडाळ्याला एका घरी आम्ही भेटीला गेलो होतो. बोलता बोलता आजींनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि भाड्याच्या पावत्यांचा गठ्ठा आमच्यापुढे ठेवला. "मालक गोदीत होते. एक महिनासुद्धा भाडं थकवलं नाही. मग घर पक्कं ना?" गठ्ठ्याच्या तळाशी मूळ भाडेपट्टा होता. त्याची मुदत संपून आठ वर्षे झाली होती आणि घरात कोणालाच ठाऊक नव्हते. उलट एक दलाल येऊन कोऱ्या स्टॅम्पपेपरवर आजींचा अंगठा मागून गेला होता!

आम्ही खोटा दिलासा दिला नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणी केलेल्या दस्तानेच होतो. मुदत संपल्यावरही जमीनमालक भाडे घेत राहिला, तर वेगळा करार नसल्यास राहत्या जागेचा पट्टा महिन्या-महिन्यापुरताच पुढे चालतो. तो पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. पावत्या जपून ठेवाच, पण त्यांच्या भरवशावर झोपू नका. (पागडीच्या खोलीला भाडे नियंत्रण कायद्याचे वेगळे संरक्षण आहे. दोन्ही एक समजू नयेत.)

वडाळ्यात बरीच जमीन मुंबई पोर्टची आहे. अशा जागेवर पट्टा संपला की १९७१ चा सार्वजनिक जागांचा कायदा लागतो. नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. घर खाली करण्याचा हुकूम झालाच, तर अपिलाला फक्त बारा दिवस असतात! मात्र हेही लक्षात ठेवा : पोर्ट ट्रस्टने जमीनमालक म्हणूनही वाजवीपणानेच वागले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले आहे.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत राहणाऱ्यांनीही सावध असावे. सरकारी किंवा पालिकेच्या जागेवर संस्थेला जमीन तीस वर्षांच्या पट्ट्याने मिळते आणि पुढे आणखी तीस वर्षे वाढवता येते. आपल्या संस्थेची तारीख कोणती, हे पुढच्या सभेत विचारा. मुदत संपण्याआधीच लेखी अर्ज करून पोच घ्या.

"वकिलाला पैसे कुठून आणायचे?" हा आजींच्या सुनेचा प्रश्न. तर ऐका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने आपण बौद्धही अनुसूचित जातींत आलो, म्हणून जातीचा दाखला काढून ठेवा. ही मदत केवळ कोर्टापुरती नाही. सल्ला घेण्यासाठी आणि नोटिशीचे उत्तर देण्यासाठीही ती मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची चौकशी करावी. हा हक्क व्यक्तीचा आहे. संस्थेने मात्र सभेत ठराव करून वर्गणीतून वकील नेमावा.

जाताना मूळ पट्टा, पावत्या, नोटीस व तिचे पाकीट, रेशनकार्ड आणि पट्टेदार हयात नसल्यास मृत्यूचा दाखला बरोबर न्यावा. अस्सल कागद कोणाच्याही हाती देऊ नये, झेरॉक्स द्यावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही नको.

बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा गरिबाला कोर्टाच्या पायरीची भीती वाटे. आज कायदाच आपल्याला वकील देतो, आणि आपण दलालाच्या दारात उभे राहतो!

आजींनी अंगठा दिला नाही. सून अर्ज घेऊन गेली आहे. निकाल काय लागेल ते लागेल, पण आता त्या घराच्या बाजूने बोलणारा वकील असेल. आपणही आज रात्री ट्रंक उघडा आणि तारीख बघा.