उपदेशाचा फराळ

दिवाळीत फराळाबरोबर आपल्याकडे आणखी एक पदार्थ मुबलक वाढला जातो, तो म्हणजे उपदेश. पाहुण्यांपुढे चकली सरकवीत गृहिणी म्हणते, "घ्या ना," आणि लगेच यजमानांकडे वळून, "तुम्ही मात्र लाडूला हात लावायचा नाही!" ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याच्या खिशात तंबाखूची पुडी आहे, त्याला या चार दिवसांत मिळतो तितका उपदेश डॉक्टरही वर्षभरात करीत नसतील. मौज अशी की, तो उपदेश अगदी बरोबर असतो. फक्त त्याचा उपयोग होत नाही.

मी पडलो मराठीचा मास्तर, तेव्हा या उपदेशाचे व्याकरणच आधी डोळ्यांत भरते. "गोड सोडा" हा आज्ञार्थ, "रोज चालावे" हा विध्यर्थ आणि "तेव्हाच ऐकले असते तर" हा संकेतार्थ. साधा प्रश्न मात्र औषधालाही सापडायचा नाही. काव्यशास्त्राने उपदेशाचे तीन प्रकार मानले आहेत: वेदांचा धन्यासारखा, पुराणांचा मित्रासारखा आणि काव्याचा कांतेसारखा. माणसाने स्वतःच स्वतःला केलेला उपदेश हा चौथा प्रकार त्या यादीत नाही. आरोग्याच्या क्षेत्रात त्याचे शास्त्र बनविले ते विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने.

दारूच्या आहारी गेलेल्यांशी आपण नेमके कसे बोलतो, हे नॉर्वेतील तरुण मानसशास्त्रज्ञांना उलगडून सांगताना मिलर यांना ही पद्धत स्पष्ट होत गेली. १९८३ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला; १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासह ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजीत तिला 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात. आज मधुमेह, वजन, तंबाखू अशा अनेक बाबतींत समुपदेशक आणि 'हेल्थ कोच' मंडळी ती वापरतात.

तिचे मर्म सोपे आहे. सवय सोडू पाहणारा माणूस दोन मनांचा असतो. आपण एका मनाचे वकीलपत्र घेतले, की तो बिचारा दुसऱ्याचे घेतो आणि स्वतःचाच युक्तिवाद ऐकून आणखी घट्ट होतो. म्हणून जाणता समुपदेशक वकीलपत्रच घेत नाही. हो-नाहीवर न संपणारे प्रश्न विचारतो, जमलेल्या गोष्टीला मनापासून दाद देतो, ऐकलेले आपल्या शब्दांत त्याच्यापुढे धरतो आणि शेवटी सारे गोळा करून सांगतो.

आमच्या नेरुळला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे मी थोरल्या बंधूंबरोबर गेलो होतो, तेव्हा हे समक्ष पाहिले. दादांनी बसताक्षणीच जाहीर केले, "गोड माझ्यानं सुटायचं नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे काका, पानातलं गोड गेलं की जेवणातला आनंदच गेला असं वाटतं."

भांडणाच्या तयारीने आलेले दादा एकदम थांबले. मग हळूच म्हणाले, "आनंदाचं काय हो... रात्री पायांना मुंग्या येतात. आमच्या वडिलांचा अंगठा कापावा लागला होता. तेच आठवतं."

वीस वर्षांत ही भीती त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. वहिनी लाडू मोजीत राहिल्या, मी लेख कापून पाठवीत राहिलो. आणि दादा रात्री एकटेच जागे होते.

"एक ते दहामध्ये, बदल करायची तयारी किती?" बाईंनी विचारले.

"चार."

"चार का? दोन का नाही?"

प्रश्नाची खुबी पाहा! "आठ का नाही?" असे विचारले असते तर दादांनी सबबी मोजल्या असत्या. आता त्यांना कारणे मोजावी लागली: पाय, नातीचे लग्न, वहिनींची काळजी. उठताना त्यांनीच ठरवले, चहातली साखर बंद आणि रात्री जेवणानंतर 'ज्वेल'च्या तळ्याभोवती एक फेरी. लाडवाचा विषय बाईंनी काढलाही नाही.

आपल्याकडे ही वृत्ती अगदीच अनोळखी नाही. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तिथे व्यसनी माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. त्या एका शब्दातच दटावणी संपते.

अर्थात हा काही परीस नव्हे. संशोधकांना तिचा गुण दिसला तो बेताचाच. काहींना लागू पडतो, काहींना नाही. औषधपाण्याची जागाही ती घेत नाही. दादांची साखर उतरली आहे, पण थोडी. आणि फेरी पावसाळ्यात चुकते. मात्र आता रात्री मुंग्या आल्या की ते वहिनींना उठवून सांगतात.

तेव्हा वाचकहो, यंदा घरातल्या मधुमेह्यापुढे ताट ठेवताना एखादी आज्ञा गाळून पाहा. त्या जागी विचारा, "तुम्हांला काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत, कितीही जड गेले तरी, गप्प बसा.