चांदीला वारस मिळाला, माणसांचे काय?



टायटॅनिक म्हटले की आपल्याला चित्रपट आठवतो, बऱ्याच जणांना १५ एप्रिल १९१२ ही तारीखही आठवते. ती बोट १९८५ साली अटलांटिकच्या तळाशी सापडली, हेही ठाऊक असते. पण 'तिलावा' हे नाव ऐकले आहे का? इथल्या ओळखीच्या दहा-बारा मराठी मंडळींना मी विचारून पाहिले. एकालाही माहीत नव्हते. आणि ही बोट तर सुटली होती आपल्या मुंबईहून. तिच्यावरचे बहुतेक उतारू भारतीय होते. कुणी पोटापाण्यासाठी, कुणी आधीच तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांकडे निघालेले.

थोडक्यात हकिगत अशी. एस. एस. तिलावा ही ब्रिटिश इंडिया कंपनीची सुमारे दहा हजार टनांची आगबोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबई सोडून मोंबासा, लोरेन्सो मार्क्स (आजचे मापुतो) आणि डरबनच्या दिशेने निघाली. खलाशी धरून बोटीवर ९५८ माणसे होती. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, सेशेल्स बेटांपासून ईशान्येला सुमारे दीड हजार किलोमीटरवर, जपानच्या आय-२९ या पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. बोट लगेच बुडाली नाही. होड्यांत उतरलेले काहीजण तर पुन्हा बोटीवर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. एचएमएस बर्मिंगहॅम ही युद्धनौका आणि कार्थेज ही बोट यांनी मिळून ६७८ जणांना वाचवले. बाकीचे २८० गेले.

बोटीच्या पोटात आणखी एक ऐवज होता: चांदीच्या २,३६४ लगडी. नाणी पाडण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्या हिंदुस्थान सरकारकडून विकत घेतल्या होत्या. २०१७ साली अर्जेंटम एक्स्प्लोरेशन या ब्रिटिश कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रातून ही चांदी बाहेर काढली आणि साउदॅम्प्टनला आणली. किंमत चार कोटी डॉलरच्या वर. मग कज्जा सुरू झाला. मेहनताना द्यावा अशी कंपनीची मागणी. चांदी सरकारी मालमत्ता आहे, आमच्यावर खटला चालूच शकत नाही, असे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे. खालच्या दोन्ही न्यायालयांत कंपनी जिंकली. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: चांदी व्यापारी वापरात नव्हती, म्हणून सरकारला संरक्षण आहे. त्याआधीच दोन्ही पक्षांत समझोता झाला होता. त्याच्या अटी गुप्त आहेत.

मला यात खुपते ते हे. एवढ्या वर्षांच्या वादात प्रत्येक लगडीची मोजदाद झाली. ती कुणी विकली, कुणी घेतली, बोटीत कोणत्या हेतूने ठेवली होती, यावर नामांकित वकिलांनी युक्तिवाद केले. त्या २८० माणसांच्या वतीने मात्र कुणी उभे नव्हते. भारत सरकार या दाव्यात पक्षकार नव्हते. न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्यापुढे प्रश्नच चांदीचा होता. सागरी कायद्यात बुडालेला माल वर काढणाऱ्याला मोबदला मिळतो. माणसांच्या आठवणी वर काढणाऱ्याला काही मिळत नाही.

कुणी म्हणेल, अहो, चांदी नसती तर तिलावा शोधायला गेले कोण असते? हा मुद्दा खरा आहे, तो मान्य करायला हवा. एवढ्या खोल पाण्यात शोध घेणे हा अफाट खर्चाचा उद्योग आहे आणि ज्याने पैसा व धोका पत्करला त्याने नफ्याची अपेक्षा ठेवली, यात गैर काही नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. बोट सापडल्यावर तिचे आपण काय मानायचे, खाण की समाधी?

टायटॅनिकच्या बाबतीत याचे उत्तर निदान कागदावर तरी दिले गेले. तिचे अवशेष हे मृतांचे स्मारक आहे असे मानून ब्रिटन आणि अमेरिका यांनी खास करार केला; तो २०१९ मध्ये अमलात आला. तिलावासाठी असा करार नाही. पाण्याखालच्या वारशाबाबत युनेस्कोचा २००१ चा करार आहे, पण तो किमान शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना लागू होतो. तिलावाची शंभरी भरणार २०४२ साली.

आपल्या विस्मरणाचाही एक नमुना पाहा. एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून एका जपानी पाणबुडीत गेले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती जपानी पाणबुडी म्हणजे हीच आय-२९. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी तिनेच तिलावा बुडवली होती. यामुळे नेताजींचे मोठेपण कमी होत नाही. पण इतिहासातला नायक आपल्या लक्षात राहतो आणि डेकवरचा उतारू राहत नाही, हे मात्र दिसते.

त्या मार्गावरच्या बोटींत केबिनवाल्यांपेक्षा डेकवर पथारी पसरून जाणारेच कितीतरी जास्त असत. आपण पदव्या आणि व्हिसा घेऊन विमानाने आलो, म्हणून आपले स्थलांतर काही निराळेच, असा आपला एक सुप्त समज असतो. तो सोडायला हवा. घर सोडून परक्या मुलखात निघालेले ते सारे आपल्याच वाटेवरचे होते.

वंशजांनी आपल्या परीने सुरुवात केली आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, ८० वर्षांनी, त्यांनी मुंबईत स्मृतिसभा घेतली. आता सरकारांनी तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. उतारू आणि खलाशी यांच्या उपलब्ध याद्या एकत्र करून सर्वांना खुल्या कराव्यात. चांदीच्या मूल्यातला लहानसा वाटा मुंबईत आणि डरबनमध्ये स्मारकासाठी द्यावा. आणि भारत, ब्रिटन व दक्षिण आफ्रिका यांनी टायटॅनिकच्या धर्तीवर करार करून ती जागा समाधी म्हणून जाहीर करावी. यांतले काहीच फार खर्चाचे नाही. आपापल्या देशातल्या भारतीय वकिलातीला याबद्दल एक पत्र लिहायला अर्धा तास पुरतो. मी माझे पाठवले आहे, तुम्हीही पाठवा. आणि घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांकडून आफ्रिकेच्या बोटीची एखादी गोष्ट ऐकली असेल, तर ती आजच लिहून काढा.