जाहिरातीतला आकडा आणि दारावरची पट्टी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मोटार घेताना पूर्वी फार तर सेडान की एसयूव्ही, एवढाच प्रश्न पडत असे. आता उपनगरात स्वतःचे घर झाले, उन्हाळ्यात कॅम्पिंगचा ट्रेलर ओढून नेण्याची हौस आली, की पिकअप ट्रकचा विषय निघतो. लहान घ्यावा की पूर्ण आकाराचा, याचा निकाल मग बहुधा जाहिरातीतील ओढक्षमतेवर लागतो. तो आकडा खोटा नसतो. परंतु तो कोणत्या अटींवर मिळाला, हे पाहिल्याखेरीज त्याचा उपयोग नाही.

फोर्ड कंपनीचीच दोन वाहने घेऊ. लहान मॅव्हरिकची मूळ ओढक्षमता 2,000 पौंड, म्हणजे सुमारे 900 किलो. पूर्ण आकाराचा एफ-150 योग्य इंजिन व साधनसामग्री घेतल्यास 13,000 पौंडांच्याही पुढे जातो. अशा आकड्यांमागे एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे जे-2807 हे मानक असते. अॅरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा लांबलचक चढ भर उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ताशी 40 मैलांखाली न येता चढून जावा, ही त्यातील एक कसोटी. कसोटी कठीण खरी. पण तीत ट्रकमध्ये प्रत्येकी 150 पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. दोन मुले, आजी आणि शीतपेटी यांचा त्यात हिशेब नाही.

येथे बैलगाडी आठवावी. ओझे मागे सरकले की गाडी उलाळ होते, पुढे सरकले की धुरजड. गाडीवान दोन्ही टाळतो. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार ट्रकच्या हिचवर यावा लागतो. त्याहून कमी आला, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि प्रसंगी ट्रकलाही आडवा करतो. हिचवर आलेला हा भार ट्रकच्याच पाठीवरचे ओझे ठरतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे तीवर त्या विशिष्ट वाहनापुरते छापलेले असते. काचेचे छत, मोठी चाके, चामड्याच्या खुर्च्या असा थाट वाढला, की हा आकडा उतरतो. समजा, एका पूर्ण आकाराच्या ट्रकवर 1,600 पौंड लिहिले आहेत. 9,000 पौंडांच्या ट्रेलरचा 12 टक्के भार 1,080 पौंड, पाच माणसांचे 700 आणि मागच्या हौद्यातील सामान 200, बेरीज 1,980. जाहिरातीप्रमाणे वाहन मर्यादेच्या कितीतरी आत आहे आणि पट्टीप्रमाणे बाहेर. महागड्या, सजवलेल्या ट्रकच्या मालकांची फसगत होते ती इथेच.

लहान ट्रकची अडचण वेगळी. टर्बो इंजिनाच्या मॅव्हरिकला कारखान्यातूनच ओढण्याचा संच घेतला, तर क्षमता 2,000 वरून 4,000 पौंड होते. इंजिन तेच राहते. वाढतो तो गिअरबॉक्सच्या तेलाला थंड करणारा भाग, पंख्याची ताकद, आणि ट्रेलरचे ब्रेक चालवणारी यंत्रणा मिळते. म्हणजे लहान वाहनाचा खरा शत्रू वजनाइतकाच उष्णता हा आहे. नंतर बाजारातून नुसता हिच बसवून 4,000 पौंड ओढू पाहणारा मालक गिअरबॉक्सचे आयुष्य हकनाक कमी करतो. उंच, पेटीसारखा ट्रेलर वजनाला हलका असला तरी वारा अडवतो, हेही विसरू नये. याउलट बागेची माती, दुचाकी किंवा छोटी नाव न्यायची, तर लहान ट्रक पुरेसा आहे आणि इंधनही वाचवतो.

भरवशाबाबत आकारावर विसंबणे धोक्याचे. 2024 मध्ये टोयोटाने पूर्ण आकाराचे टुंड्रा आणि त्याच इंजिनाची लेक्सस वाहने मिळून एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलावल्या. इंजिनात यंत्रकामाचा कीस राहिल्याची शंका होती. 2025 मध्ये जनरल मोटर्सला 6.2 लिटर व्ही-8 इंजिनाच्या जवळपास सहा लाख वाहनांबाबत तेच करावे लागले. लहान मॅव्हरिकचे संकरित रूपही 2022 मध्ये आगीच्या भीतीने परत बोलावलेल्या गाड्यांत होते. तेव्हा नवीन रचनेच्या इंजिनाचे पहिलेच वर्ष असेल, तर वाहन लहान असो वा मोठे, एक-दोन वर्षे थांबणे शहाणपणाचे. जुना ट्रक घेताना वाहन क्रमांकावरून परत बोलावणीची नोंद सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते.

आणि ट्रेलरचे वजन विक्रेत्याच्या कागदावरून धरू नये. पाण्याची टाकी, गॅस, भांडी भरल्यावर ते बरेच वाढते. महामार्गालगतच्या अनेक मोठ्या ट्रकथांब्यांवर वजनकाटे असतात. सहलीचे सामान भरून, सर्व माणसे बसवून एकदा तेथे जावे. प्रत्येक आसावरचे वजन छापलेली पावती थोड्या डॉलरांत मिळते.